विश्लेषण : समुद्रात एकटा, खिशात खोटे अंश-रेखांश… गाझियाबादेत जन्मलेल्या डोनाल्ड क्राऊहर्स्ट यांनी जगाला चकवा कसा दिला? उपग्रह इंटरनेट असते तर काय घडले असते?

आज भर समुद्रात, जमिनीपासून हजारो मैलांवर असलेल्या शिडाच्या नौकेतून व्हिडीओ कॉल करता येतो. २०२४-२५ च्या ‘व्हॉन्दे ग्लोब’ या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत अनेक स्पर्धकांच्या नौकांवर उपग्रह इंटरनेटच्या थाळ्या होत्या. वादळात सापडलेला खलाशी त्याच दिवशी मोबाइलच्या पडद्यावर दिसत होता. साडेपाच दशकांपूर्वी चित्र नेमके उलटे होते. नौका कुठे आहे, हे फक्त त्या नौकेवरच्या माणसाला ठाऊक असे आणि तो सांगेल तेच जगाला खरे मानावे लागे. याच पोकळीत एका हुशार इंजिनीअरचे आयुष्य हरवले. डोनाल्ड क्राऊहर्स्ट हे त्यांचे नाव. त्यांची कहाणी काय होती, त्यांचे भारताशी नाते काय आणि आजच्या उपग्रह तंत्रज्ञानामुळे त्यात नेमके काय बदलले असते, याचा हा आढावा.

कोण होते डोनाल्ड क्राऊहर्स्ट?

क्राऊहर्स्ट यांचा जन्म १९३२ मध्ये ब्रिटिशकालीन भारतात, गाझियाबाद येथे झाला. वडील भारतीय रेल्वेत नोकरीला होते, आई शिक्षिका होती. १९४७ मध्ये स्वातंत्र्यानंतर हे कुटुंब इंग्लंडला परतले. वडिलांनी आयुष्यभराची पुंजी भारतातल्या खेळाचे साहित्य बनवणाऱ्या एका कारखान्यात गुंतवली होती. फाळणीनंतरच्या दंगलीत तो कारखाना जळाला. १९४८ मध्ये वडिलांचे निधन झाले. घरची ओढाताण इतकी होती की डोनाल्ड यांना शिक्षण लवकर सोडावे लागले. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये ते उमेदवारी करू लागले.

पुढे १९५३ मध्ये ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक अधिकारी झाले, पण वर्षभरातच त्यांना बाहेर पडावे लागले. त्यानंतर ते लष्कराच्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल शाखेत दाखल झाले. शिस्तभंगाच्या प्रकरणानंतर तीही नोकरी सुटली. डोके तल्लख, बोलणे छाप पाडणारे, धाडसाची हौस मोठी. पण एका जागी टिकणे जमत नाही, असा हा स्वभाव. १९५७ मध्ये त्यांचे क्लेअर यांच्याशी लग्न झाले. चार मुले झाली. सॉमरसेट परगण्यातल्या ब्रिजवॉटर या गावी ते स्थिरावले, लिबरल पक्षातर्फे तिथल्या नगर परिषदेवर निवडूनही आले.

‘नॅव्हिकेटर’ हे यंत्र काय होते?

ब्रिजवॉटरला त्यांनी ‘इलेक्ट्रॉन युटिलायझेशन’ नावाची छोटी कंपनी काढली. तिचे मुख्य उत्पादन म्हणजे ‘नॅव्हिकेटर’. हातात धरायच्या या यंत्राने किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राकडून येणारे संकेत कोणत्या दिशेने येत आहेत, हे कळत असे. दोन वेगवेगळ्या केंद्रांच्या दिशा नकाशावर आखल्या की त्या रेषा जिथे छेदतील तिथे आपली नौका. आज मोबाइलवर निळा ठिपका दिसतो, त्याचाच हा हाताने काढायचा पूर्वज.

थोडक्यात, समुद्रातल्या माणसाला तो कुठे आहे हे सांगणे हाच क्राऊहर्स्ट यांचा धंदा होता. पुढे याच माणसाने आपण कुठे आहोत हे सगळ्या जगापासून लपवले. या कहाणीतला हा विरोधाभास नंतर अनेकांनी नोंदवला.

यंत्र चांगले होते, पण धंदा चालेना. टाँटन येथील कॅरॅव्हॅन विक्रीचे व्यावसायिक स्टॅन्ले बेस्ट यांनी कंपनीत पैसे घातले होते. तरीही कंपनी तोट्याकडे सरकत होती. क्राऊहर्स्ट यांना काहीतरी मोठे करून दाखवण्याची निकड वाटू लागली.

गोल्डन ग्लोब शर्यत काय होती?

१९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ‘जिप्सी मॉथ ४’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. वाटेत ते फक्त सिडनीला थांबले. ब्रिटनमध्ये त्यांचे प्रचंड स्वागत झाले. आता उरले होते एकच शिखर : कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता एकट्याने पृथ्वीला वळसा घालणे.

मार्च १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने त्यासाठी शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या काळात कधीही निघायचे. केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियातील केप लुइन आणि दक्षिण अमेरिकेचे टोक केप हॉर्न यांना वळसा घालून परत यायचे. सर्वांत आधी परतणाऱ्याला ‘गोल्डन ग्लोब’ चषक आणि सर्वांत कमी दिवसांत प्रवास पूर्ण करणाऱ्याला ५ हजार पौंड. पात्रता फेरी नाही, नौकेची तपासणी नाही. एकूण नऊ जण निघाले.

क्राऊहर्स्ट हे हौशी, सुट्टीच्या दिवशी शीड उभारणारे खलाशी. महासागर ओलांडण्याचा अनुभव नाही. त्यांनी आधी ‘जिप्सी मॉथ ४’ उसनी मागितली, नकार मिळाला. मग बेस्ट यांना पटवून नवी नौका बांधायला घेतली. त्या बदल्यात स्वतःचे घर आणि कंपनी दोन्ही तारण ठेवले. शर्यत अर्धवट सोडली तर कुटुंब रस्त्यावर येईल, अशी ही बोली होती. पुढे जे घडले त्याचे मूळ समुद्रात नाही, या कागदात आहे.

नौकेत अडचण काय होती?

नौकेचे नाव ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’. लांबी सुमारे ४० फूट, प्रकार ट्रायमरन. म्हणजे मधे मुख्य सांगाडा आणि दोन्ही बाजूंना एकेक तरंगता भाग. आपल्याकडच्या मच्छीमारांच्या उलांडीच्या होडीला दोन्हीकडे उलांडी लावावी तशी रचना. अशी नौका वाऱ्याबरोबर जोरात पळते. मात्र एकदा उलटली की ती आपोआप सरळ होत नाही. दक्षिण महासागरातल्या डोंगराएवढ्या लाटांत एकट्या खलाशासाठी हा धोका जीवघेणा.

यावर क्राऊहर्स्ट यांनी तोडगा शोधला होता. डोलकाठीच्या टोकाला हवेची पिशवी बसवायची. नौका कलंडू लागली की संवेदकांकडून संकेत मिळून ती आपोआप फुगेल आणि नौका पूर्ण उलटणार नाही. हे सगळे एका छोट्या संगणकाने हाताळायचे. कल्पना काळाच्या पुढची होती. पण वेळ नव्हता. नौकेभर वायरींचे जुडगे पसरले, पण त्यांची टोके जिथे जोडायची ते यंत्र कधी पूर्णच झाले नाही.

नौका बांधून झाल्यावर टिनमथ बंदरापर्यंत आणण्याचा तीन दिवसांचा अपेक्षित प्रवास जवळपास दोन आठवडे चालला. अखेर मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी क्राऊहर्स्ट निघाले. घाईत पाणी उपसण्याच्या पंपाची महत्त्वाची नळी किनाऱ्यावरच राहिली.

निघाल्यावर काय बिघडले?

पहिल्या दोन आठवड्यांतच स्क्रू निखळू लागले. बाजूच्या तरंगत्या भागांच्या झाकणांतून पाणी शिरू लागले. नळी नसल्याने ते हाताने उपसावे लागे. खवळलेल्या समुद्रात हे काम जवळपास अशक्य. मग मधल्या भागातल्या गळक्या झाकणातून पाणी शिरले आणि विजेचा जनित्र संच भिजला. वीज नाही म्हणजे दिवे नाहीत आणि रेडिओही नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर क्राऊहर्स्ट यांनी एखाद्या प्रकल्प अहवालासारखी आपल्या परिस्थितीची लेखी चिकित्सा केली. दोष एकेक करून मांडले. या अवस्थेत दक्षिण महासागरात शिरलो तर जगण्याची शक्यता निम्मी-निम्मी, असा हिशेब निघाला. इंजिनीअर म्हणून उत्तर स्पष्ट होते : परत फिरा. पण परत फिरणे म्हणजे घर जाणे, कंपनी जाणे आणि जाहीर नाचक्की. पुढे जाणे म्हणजे बहुधा मरण. माघारीचा निर्णय त्यांनी कुणालाच कळवला नाही. जनित्र दुरुस्त केले आणि तिसराच रस्ता धरला.

खोटे नेमके कसे रचले?

डिसेंबर १९६८ च्या सुरुवातीपासून त्यांनी दुहेरी हिशेब ठेवायला सुरुवात केली. १० डिसेंबरला त्यांनी एका दिवसात २४३ सागरी मैल कापल्याचे कळवले. विक्रमच तो. प्रत्यक्षातले अंतर बरेच कमी होते. त्यांचे प्रसिद्धीचे काम पाहणारे पत्रकार रॉडनी हॉलवर्थ यांना त्रोटक तारा मिळत; ते त्यात आपला मसाला घालून वृत्तपत्रांना देत. त्यामुळे कागदावरची नौका खुद्द क्राऊहर्स्ट यांच्या दाव्यापेक्षाही पुढे धावू लागली. शर्यतीच्या परीक्षकांचे प्रमुख असलेल्या चिचेस्टर यांना या वेगाबद्दल शंका आली होती, पण तपासणार कसे?

इथे त्या काळचे तंत्रज्ञान समजून घ्यावे लागते. तेव्हा समुद्रातून संपर्काचे साधन म्हणजे लघुलहरींचा रेडिओ. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावर आदळून परत जमिनीकडे वळतात, पुन्हा वर जातात, अशा उड्या मारत हजारो मैल जातात. किनाऱ्यावरच्या ऑपरेटरला मोर्सचा कडकट्ट ऐकू येतो. पण तो कुठून आला, हे त्या संदेशात नसते. नौका जे अक्षांश-रेखांश सांगेल तेच वहीत लिहायचे. मात्र कोणत्या किनारी केंद्रामार्फत संदेश आला, यावरून साधारण अंदाज बांधता येतो. चुकीच्या महासागरातले केंद्र वापरले तर बिंग फुटणार. म्हणून क्राऊहर्स्ट यांनी जानेवारी १९६९ मध्ये जनित्राच्या झाकणाची अडचण पुढे करून आता संदेश येणार नाहीत, असे सूचित केले आणि ते जवळपास अकरा आठवडे गप्प राहिले. या काळात ते हिंदी किंवा प्रशांत महासागरात गेलेच नाहीत. दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले.

दुसरा भाग त्याहून अवघड होता. तेव्हा खलाशी सेक्स्टंट या उपकरणाने सूर्य किंवा ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजत, अचूक घड्याळात वेळ पाहत आणि नाविक पंचांगातल्या कोष्टकांवरून आपली जागा काढत. क्राऊहर्स्ट यांना हे गणित उलटे करावे लागणार होते : आधी खोटी जागा ठरवायची, मग त्या जागी, त्या वेळी सूर्य किती अंशांवर दिसला असता हे काढायचे. प्रत्येक दिवसासाठी. शिवाय तिथले हवामान जुळायला हवे, म्हणून दूरच्या केंद्रांवरून प्रसारित होणारी हवामानवृत्ते ते ऐकून टिपून ठेवत. खरी जगप्रदक्षिणा आखण्यापेक्षा खोटी आखण्याला अधिक गणित लागले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

मार्च १९६९ मध्ये तरंगत्या भागाची फूट वाढल्याने त्यांना अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर रिओ सलाडो येथे उतरावे लागले. छोट्या तटरक्षक चौकीवरून प्लायवूड आणि स्क्रू घेऊन त्यांनी नौका सांधली आणि दोन दिवसांत ते निघाले. शर्यतीच्या नियमानुसार इथेच ते बाद झाले होते. पण ही नोंद लंडनपर्यंत पोहोचलीच नाही.

बाकीच्या स्पर्धकांचे काय झाले? त्यात मुंबई कुठे येते?

तोवर शर्यतीतले बहुतेक जण गळाले होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत, कुलाब्यात बांधलेली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत नोकरी करताना त्यांनी ती बांधून घेतली आणि मुंबईहूनच ते ती घेऊन निघाले होते. शर्यतीत त्यांच्या रेडिओचा प्रेषक बंद पडला. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडजवळ दिसल्यानंतर काही महिने त्यांचा ठावठिकाणा नव्हता. एप्रिल १९६९ मध्ये अझोर्स बेटांच्या परिसरात एका टँकरने त्यांना पाहिले, तेव्हा ते जिवंत असल्याचे जगाला कळले. २२ एप्रिल १९६९ रोजी ते फालमथला पोहोचले. विनाथांबा एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले आणि शर्यत पूर्ण करणारेही एकमेव.

फ्रान्सचे बर्नार्ड म्वातेसिए यांनी तर रेडिओ घ्यायलाच नकार दिला होता. ते गलोलीने संदेशाची डबी जवळून जाणाऱ्या जहाजावर फेकत. मार्च १९६९ मध्ये केप टाऊनजवळ अशाच एका संदेशातून त्यांनी शर्यत सोडत असल्याचे कळवले आणि नौका पुन्हा पूर्वेकडे हाकली. ते थेट ताहितीला जाऊन थांबले.

म्हणजे एकाच शर्यतीत तिघे जण मौनात होते. एकाचा रेडिओ बिघडला होता, एकाला तो नकोच होता आणि एकाने तो मुद्दाम बंद ठेवला होता. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तिन्ही मौने सारखीच दिसत होती.

मग क्राऊहर्स्ट यांचा डाव कुठे फसला?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात क्राऊहर्स्ट यांनी मौन सोडले आणि आपण केप हॉर्नच्या जवळ येत असल्याचे भासवले. आता ५ हजार पौंडांच्या शर्यतीत दोघेच उरले : ते आणि नौदल अधिकारी नायजेल टेटली. टेटली यांची ट्रायमरनही त्याच जातकुळीची होती आणि तिने खरोखर जगाला वळसा घातला होता.

क्राऊहर्स्ट यांचा हिशेब त्यांच्या चरित्रकारांनी असा लावला आहे : टेटली यांना आधी पोहोचू द्यायचे, आपण मागून यायचे. जिंकलो नाही तर आपल्या वह्या कुणी बारकाईने तपासणार नाही. शर्यत पूर्ण केल्याचा मान राहील, घरही वाचेल.

पण त्यांच्या खोट्याचा परिणाम दुसऱ्या कुणावर तरी होत होता. क्राऊहर्स्ट वेगाने मागे येत आहेत या समजुतीने टेटली यांनी आपली आधीच खिळखिळी झालेली नौका जोरात हाकली. २१ मे १९६९ च्या सुमारास अझोर्सजवळ ती फुटली. टेटली यांना नौका सोडून तराफ्यावर यावे लागले; त्यांची सुटका झाली. घर हाकेच्या अंतरावर असताना खरी प्रदक्षिणा बुडाली होती, तीही एका खोट्या प्रदक्षिणेच्या धाकाने.

या बातमीने क्राऊहर्स्ट कोंडीत सापडले. आता ते हळू गेले तरी जिंकणारच होते. जिंकले की चिचेस्टर यांच्यासारखे जाणकार त्यांच्या वह्या उघडणार होते. टिनमथमध्ये स्वागताची जंगी तयारी सुरू झाली होती. अभिनंदनाच्या तारा येत होत्या.

जूनच्या सुरुवातीला रेडिओचा प्रेषक खरोखरच बिघडला. उकाड्यात, सुट्या भागांच्या पसाऱ्यात बसून ते दिवसेंदिवस तो दुरुस्त करत राहिले. पत्नीशी थेट बोलता यावे, ही त्यांची धडपड होती. अखेर मोर्सने संदेश पाठवता येऊ लागले. आवाजाने बोलणे मात्र जमले नाही. २४ जूनच्या सुमारास त्यांनी नौका सोडून दिल्यासारखी वाहू दिली आणि ते लिहायला बसले. काळ, देव, मानवी बुद्धी यांवर आठवडाभरात सुमारे २५ हजार शब्द. त्यांचे मन ढासळत गेल्याचे ते लेखन सांगते. शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची. प्रवासाचा तो २४३ वा दिवस; विक्रमी म्हणून सांगितलेल्या मैलांचा आकडाही तोच, हा निव्वळ योगायोग.

१० जुलै रोजी ‘पिकार्डी’ या टपाल जहाजाला अटलांटिकच्या मध्यात ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ रिकामी तरंगताना आढळली. क्राऊहर्स्ट कधीच सापडले नाहीत. त्यांनी स्वतःला समुद्राच्या स्वाधीन केले, असेच मानले जाते. खऱ्या नोंदींच्या वह्या मात्र नौकेवर व्यवस्थित होत्या. त्यांच्यामुळेच सगळा प्रकार उघड झाला. त्या नष्ट करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी त्या मागे ठेवल्या.

नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे वेगाचे बक्षीसही आले. त्यांनी ते ५ हजार पौंड क्राऊहर्स्ट यांच्या कुटुंबासाठीच्या निधीला दिले आणि सत्य बाहेर आल्यावरही परत मागितले नाहीत. १९७० मध्ये निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले. २००६ मध्ये ‘डीप वॉटर’ हा माहितीपट आला आणि पुढे कॉलिन फर्थ यांनी ‘द मर्सी’ या चित्रपटात क्राऊहर्स्ट साकारले.

आज उपग्रह इंटरनेट असते तर हे शक्य झाले असते का?

जवळपास अशक्य. पूर्वीचे दळणवळण उपग्रह प्रामुख्याने विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर भासणारे असत. त्यांच्याकडे रोखलेली थाळी हलत्या नौकेवर स्थिर धरायला महागडी यंत्रणा लागे. आता स्टारलिंकसारख्या सेवांचे हजारो उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात. थाळी सपाट असते. आतल्या शेकडो छोट्या अँटेना संकेतांच्या वेळेत सूक्ष्म फरक करून लहरींचा झोत हव्या त्या दिशेला वळवतात. थाळी न हलवताच ती उपग्रहाचा माग काढते, त्यामुळे नौका डोलली तरी संपर्क टिकतो. भर समुद्रात जवळ भूस्थानक नसले तर उपग्रह लेझर किरणांनी एकमेकांकडे माहिती पोहोचवतात.

महत्त्वाचा मुद्दा असा, की ही थाळी चालण्यासाठी ती कुठे आहे हे सेवेला कळावेच लागते. म्हणजे संपर्क आणि ठावठिकाणा आता वेगळे राहिलेले नाहीत. १९६९ मध्ये संदेश पाठवूनही जागा लपवता येत होती. आज संदेश पाठवणे हेच जागा सांगणे आहे. त्यावर शर्यतीचे स्वतंत्र ट्रॅकर असतात. अंश-रेखांश बनावट करण्याचे प्रकार आजही होतात, पण सततचा माग, व्हिडीओ आणि उपग्रहांची नोंद हे सगळे एकाच वेळी महिनोन् महिने फसवणे हौशी खलाशाच्या आवाक्यातले नाही.

क्राऊहर्स्ट यांची एक अडचण मात्र आजही तशीच आहे : वीज. लहान थाळी सरासरी ३० वॉट घेते असे धरले तर २४ तासांत ७२० वॉट-तास लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे ६० अँपिअर-तास होतात. सौर पट्ट्या, पवनचक्की किंवा पाण्याच्या प्रवाहावर फिरणारे जनित्र नसेल तर थाळी दिवसातून तास-दोन तासच चालवावी लागते. खारे पाणी शिरले की महागडे उपकरणही त्या भिजलेल्या जनित्रासारखेच बंद पडते.

भारतीय खलाशांचा अनुभव काय सांगतो?

या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरवण्यात आली. नियम मुद्दाम जुने : जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. पण आयोजकांनी एक धडा घेतला होता. प्रत्येक नौकेवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र सक्तीचे होते आणि संकटासाठी मोहोरबंद साधने दिलेली होती.

भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी या शर्यतीत ‘तुरीय’ या गोव्यात बांधलेल्या, ‘सुहैली’च्या धर्तीवरच्या नौकेतून उतरले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. उपग्रहामार्फत छोटे लेखी संदेश पाठवणाऱ्या यंत्रामुळे त्यांनी आपली अवस्था कळवली. जागा ठाऊक असल्याने भारतीय नौदलाच्या ‘पी-८ आय’ विमानाने नौका शोधली आणि तीन दिवसांत ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. २०२२-२३ च्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून मुंबई ते मुंबई अशी एकट्याने जगप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची ही कल्पना. दोंदे वाटेत ठरवून बंदरांत थांबले, दुरुस्त्या केल्या आणि पुढे गेले. थांबणे हा त्या मोहिमेत पराभव नव्हता, आखणीचाच भाग होता.

तर मग क्राऊहर्स्ट वाचले असते?

उपग्रह इंटरनेटमुळे त्यांचे खोटे पहिल्याच दिवशी अशक्य झाले असते. पत्नीशी बोलता आले असते, पंपाच्या नळीला पर्याय विचारता आला असता, मन खचू लागल्याचे कुणाच्या तरी कानावर गेले असते. टेटली यांनाही मागून येणारा पाठलाग आभासी आहे हे कळले असते.

पण थाळीतून फक्त मदतच येत नाही. हॉलवर्थ यांच्या तारा आठवड्यातून येत होत्या. आज त्या मिनिटाला आल्या असत्या. प्रायोजक, चाहते, हजारो प्रतिक्रिया आणि नकाशावर सगळ्यांना दिसणारा एक मंद ठिपका. नोव्हेंबर १९६८ मध्ये क्राऊहर्स्ट यांच्यापुढचा प्रश्न संपर्काचा नव्हता. आपली नौका अपुरी आहे, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती; ते त्यांनीच कागदावर मांडले होते. हरल्यावरही घर शाबूत राहील, अशी वाट त्यांच्या करारात नव्हती. तारण ठेवलेल्या घराचे ओझे कोणताही उपग्रह हलके करू शकला नसता.

म्हणूनच आजच्या शर्यतींत ट्रॅकरइतकेच महत्त्व आधीच्या पात्रता प्रवासाला, नौकेच्या तपासणीला आणि माघार घेणाऱ्या स्पर्धकाला सन्मानाने परत येऊ देण्याला दिले जाते. ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’चे अवशेष कॅरेबियन समुद्रातल्या केमन ब्रॅक बेटावर किनाऱ्याशी वर्षानुवर्षे पडून राहिले. पोहोचण्याची कोणतीही मुदत नसलेला तो तिचा एकमेव मुक्काम.